शिट्टी वाजली आणि बक्षीस समारंभ संपला

खेळाच्या शिक्षकाला वर्षाअखेरीला काय काम असतं, असं माझ्या साडूनं मला एकदा भर पंगतीत विचारलं. तो बँकेत आहे. मार्च महिना फक्त बँकवाल्यांनाच असतो अशी त्याची ठाम समजूत. मी हातातली जिलेबी ताटात ठेवली आणि म्हणालो, "अरे बाबा, मला पेपर तपासायचे नसतात ना, म्हणूनच तर बाकीचं सगळं माझ्या डोक्यावर येतं." त्याला ते पटलं नाही. कुणालाच पटत नाही. आता निवृत्त झालोय, हाताशी वेळ आहे, आणि दिवाळी अंकाच्या संपादकांनी गळ घातली आहे, तर एकदाचं सांगूनच टाकतो.

आमची शाळा चाकणजवळची, पाचवी ते दहावी. मी लागलो तेव्हा मैदानाच्या पलीकडे कांद्याची वावरं होती. आता तिथं पत्र्याच्या शेडी आहेत आणि चेंडू कुंपणापलीकडे गेला की तो सिक्युरिटीवाल्याकडून सही करून आणावा लागतो. मुलंही तशीच, निम्मी गावातल्या जुन्या घरांतली आणि निम्मी कंपन्यांत कामाला आलेल्या बिऱ्हाडांतली. कुणी लातूरकडचं, कुणी बीडकडचं, कुणी खाली कोकणातलं. पालकसभा घ्यायची तर पहिल्या शिफ्टचे पालक दुपारनंतर मोकळे, दुसऱ्या शिफ्टचे सकाळी, आणि तिसऱ्या शिफ्टचे आले तरी पेंगत बसायचे. एकदा एका पालकाला मी सभेत हलवून जागं केलं, तर तो दचकून उठला आणि म्हणाला, "मशीन बंद केलं का?" मला हसू आलं आणि नंतर वाईटही वाटलं.

तर शाळेचं वर्ष. ते डिसेंबरात संपायला लागतं आणि मे महिन्याच्या पहिल्या दिवशी निकाल लागेपर्यंत संपतच राहतं. गॅदरिंग, बक्षीस समारंभ, दहावीचा निरोप, तोंडी परीक्षा, वार्षिक परीक्षा, निकाल. यात खेळाच्या शिक्षकानं काय करायचं? मांडव, खुर्च्या, पाण्याचे जार, माइक, मैदानावर पाणी मारणं, पाहुण्यांची गाडी कुठं लावायची ते, आणि फिशपाँडची पेटी आधी उघडून त्यातल्या चावट चिठ्ठ्या फाडणं. फिशपाँड म्हणजे मुलांनी नाव न लिहिता मारलेले टोमणे. माझ्यावर दरवर्षी एक ठरलेला असायचा, की सरांची शिट्टी हरवली तर सर मुके होतील. तो मी कधी फाडला नाही. खरंच होतं ते.

प्रमुख पाहुणे हा वेगळाच ताप. पूर्वी गावातले पुढारी यायचे, ते निदान वेळेवर उशिरा यायचे. हल्ली कंपन्यांतले साहेब बोलवायचे असतात. एका वर्षी आलेल्या साहेबांनी पाचवीच्या पोरांना सेफ्टी शूजचं महत्त्व समजावून सांगितलं, आणि नंतर "एनी क्वेश्चन?" असं विचारलं. एका पोरानं हात वर करून लघवीला जाऊ का विचारलं. साहेब फार भले माणूस, त्यांनी परवानगी दिली.

आता मुख्य गोष्टीसाठी एक आतली गंमत सांगावी लागेल. आमच्याकडं बक्षीस समारंभाला बक्षिसं कधीच तयार नसत. ढाली सांगायच्या चिंचवडच्या दुकानात, त्याला मंजुरी हवी, मंजुरीला सभा हवी, सभेला सगळे हजर हवेत. तोपर्यंत समारंभ येऊन ठेपायचा. मग ऑफिसातल्या काचेच्या कपाटातून शाळेच्या जुन्यापुराण्या ढाली निघायच्या. कुठली भजन स्पर्धेची, कुठली परसबागेची, कुठली स्वच्छतेची. त्यांच्यावर काय कोरलंय ते लांबून कुणाला दिसतं? विजेत्यानं उजवीकडून स्टेजवर चढायचं, पाहुण्यांच्या हातून ढाल घ्यायची, फोटो काढायचा, डावीकडून उतरायचं, आणि पडद्यामागं उभ्या असलेल्या माझ्या हवाली ढाल करायची. मी ती रुमालानं पुसून मागच्या बाजूनं परत उजवीकडच्या टेबलावर. थोड्याशा ढालींत अख्ख्या शाळेचे विजेते निघायचे. खरी बक्षिसं महिन्याभरानं वर्गात. मुलांना आदल्या दिवशी दम दिलेला असायचा, ढाल घेऊन कुणी घरी गेला तर याद राखा. एकदा मांडव घालायला आलेल्या एका पालकानं हा प्रकार पाहिला आणि म्हणाला, "सर, ही तर आमच्या कंपनीतली लाइनच हाय की." मला ते ऐकून बरं वाटलं. इतकी वर्षं ती लाइन एकदाही थांबली नव्हती.

त्या वर्षी थांबली.

सकाळचा कार्यक्रम. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, अहवाल वाचून खाली बसल्या होत्या. देशमाने मॅडम मराठीच्या, नववीच्या वर्गशिक्षिका, त्या माइकवर विजेत्यांची नावं वाचत होत्या. त्यांची एक सवय अशी, की वाचायला लागल्या की मान वर करायच्या नाहीत. पोरं रांगेनं चढत होती, टाळ्या पडत होत्या, मी मागं ढाली पुसत होतो. मॅडमनी पुकारलं, शंभर मीटर धावणे, प्रथम क्रमांक. हा पोरगा माझा. अंगानं दणकट, गावातल्या आबांचा नातू. आबा म्हणजे शाळेच्या समितीतले, फेटा बांधून पहिल्या ओळीत बसलेले. मी पडद्याच्या फटीतून बघतो तर स्टेजवर आमचा पैलवान नाही, एक किरकोळ मुलगी चढली. दोन वेण्या, पांढरी ओढणी. पाहुण्यांना काय माहीत धावण्यात कोण पहिलं आलं? त्यांनी हसून ढाल दिली, तिनं हसून घेतली, फोटो निघाला.

ही कोण? माझ्या काही लक्षात येईना. नववीतली दीक्षा एवढं आठवलं. पण हिला कशातच बक्षीस नव्हतं. ना धावण्यात, ना चित्रात, ना वक्तृत्वात. ती सोज्वळपणे डावीकडून उतरली. मी हात पुढं केला. ती म्हणाली, "सर, आत्ता आणून देते," आणि माझ्या हाताखालून निघून गेली, मांडवाच्या कडेनं थेट पालकांच्या खुर्च्यांकडं.

तेवढ्यात माइकवर पुढचं नाव, रांगोळी, प्रथम. आणि स्टेजवर चढला आमचा पैलवान! त्याची पाळी होती, तो चढला, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष. सगळं मैदान खो-खो हसायला लागलं. पहिल्या ओळीत आबा उठून उभे राहिले. इकडं ती पोरगी ढाल घेऊन चाललीय, तिकडं रांगोळीवाली मुलगी उजव्या पायरीवर रडवेली झालीय. मला जागा सोडता येईना, कारण सोडली तर पुढच्या पोराकडून ढाल घेणार कोण? मैदानावर कुणी भलतीकडं पळालं की माझा हात जिथं जातो तिथंच तो गेला. मी शिट्टी वाजवली. चांगली लांब.

इथं दुसरी एक पद्धत सांगायची राहिली. आमच्या शाळेत कुठलाही कार्यक्रम संपला की मी एक लांब शिट्टी द्यायचो. तिच्यावर सगळ्या शाळेनं सावधान उभं राहायचं आणि स्टेजशेजारी पेटी घेऊन बसलेल्या गायनाच्या मुलींनी राष्ट्रगीत सुरू करायचं. मीच लावलेली शिस्त. पोरं झोपेतसुद्धा चुकायची नाहीत, आणि नाहीच चुकली. शिट्टीसरशी हजारभर पोरं खाडकन उभी राहिली. ती उठली म्हणून पालक उठले. पाहुणे उठले. पेटीवाल्या मुलीनं एकवार माझ्याकडं बघितलं, मला मानेनं नाही म्हणायचीही सवड मिळाली नाही, आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

आता राष्ट्रगीत सुरू झाल्यावर हलतो कोण? मी पडद्यामागं सावधान. पैलवान रांगोळीची ढाल छातीशी धरून स्टेजवर सावधान. आबा फेट्यासकट सावधान. आणि मैदानाच्या मध्यावर, खुर्च्यांच्या ओळीत, कंपनीचा निळा शर्ट घातलेल्या एका माणसासमोर ती दीक्षा सावधान, दोन्ही हातांत ढाल धरून. तो तिचा बाप. त्याचे डोळे तांबारलेले होते, तिसऱ्या शिफ्टवरून तसाच आला असणार. एवढं मला लांबूनही दिसलं. बाकी काय चाललंय ते मला कळत नव्हतं, आणि त्या घटकेला मैदानावरच्या एकाही माणसाला कळत नव्हतं असं मी शपथेवर सांगतो.

राष्ट्रगीत झालं म्हणजे कार्यक्रम संपला. त्यानंतर पुन्हा माइक हातात घेऊन "आता उरलेली बक्षिसं" असं म्हणायची कुणाची छाती? पालक निघाले. पाहुण्यांना प्लांटमध्ये मीटिंग होती, ते मोठ्या बाईंना म्हणाले, "व्हेरी पंक्चुअल स्कूल," आणि गाडीत बसले. आबांनी मला पडद्यामागं गाठलं.

"मास्तर, आमचा गडी पळण्यात पैला आला न्हवं?"

"आला की आबा."

"मंग त्याला रांगूळीचं बक्षीस कामून दिलं? गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हाईली न्हाई त्याला. आन ती पोर कोन म्हनायची?"

मी म्हणालो, "आबा, मलाही तेच कळत नाहीये." यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या अहवालात मात्र मोठ्या बाईंनी लिहिलं, की बक्षीस वितरण समारंभ राष्ट्रगीतानं संपन्न झाला. यात खोटं काहीच नाही.

कपाटात ढाली परत लावताना कळलं की गेलीय ती नेमकी आमची. तालुक्यातल्या शिक्षकांच्या क्रीडा दिनात आम्ही रस्सीखेच खेळलो होतो, तिची उपविजेतेपदाची ढाल. संघ दोनच होते, ते सोडा. आख्ख्या नोकरीत मला स्वतःला मिळालेली तेवढी एकच. माझी तार सटकली. मी देशमाने मॅडमना म्हणालो, "तुमच्या वर्गातली ती पोरगी, सोमवारी तिला आख्खं मैदान फिरवतो की नाही बघा."

मॅडम म्हणाल्या, "सर, तिला ओरडू नका. आधी ऐका तरी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दीक्षाची आजी गावी, उदगीरकडं, एकटी असते. पाय घसरून पडली, अंथरुणाला खिळली. तिच्यापाशी कुणीतरी राहायला हवं. म्हणून घरात ठरत आलं होतं, नववी झाली की दीक्षाला गावाकडं पाठवायचं. तिथं दहावीला बसेल तर बसेल, नाहीतर राहिलं. मॅडम म्हणाल्या, "ती घरी म्हणाली, मी शाळेत हुशार आहे, मला पाठवू नका. बाप म्हणाला, हुशार असशील तर समारंभात बक्षीस दिसेल की, मी येतो बघायला. मला हे तिच्या मैत्रिणीनं आत्ता सांगितलं. मला आधी कळलं असतं तर मी काहीतरी, अहो कसलंही, टापटिपीचं वगैरे बक्षीस काढलं असतं हो."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा राग कुठल्या कुठं गेला, आणि त्याच्या जागी काय आलं ते मला धड सांगता येत नाही. पोरगी चुकली की नाही? चुकलीच. मग मला तिची बाजू का घ्यावीशी वाटत होती? आम्ही तरी त्या स्टेजवर काय खरं करत होतो? परसबागेची ढाल देऊन निबंधाचे फोटो काढत होतो!

मोठ्या बाईंना असल्या विचारांशी देणंघेणं नव्हतं. "ते काही नाही सर, बापाला उद्या कळलं तर तो शाळेवर येईल, आबा आधीच तापलेत. ढाल परत आणा. गोडीत आणा."

म्हणून रविवारी मी गेलो. खराबवाडीच्या बाजूला खोल्यांची लांब ओळ आहे, दारात मोटारसायकली आणि दोरीवर निळे शर्ट. खोली विचारायला लागली नाही. "बक्षीसवाल्या पोरीची ना? ती काय, शेवटची," असं एका बाईनं आपण होऊन सांगितलं.

आत गेलो तर टीव्हीवर आमची ढाल, पुढं झेंडूचं फूल. दीक्षाच्या आईनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. दीक्षा मला बघून भिंतीला चिकटली. तिचे वडील सुभाषराव हात जोडून म्हणाले, "या सर, बसा. लेकराचं कौतुक कराया आलाव व्हय?"

मी रस्त्यानं एक थाप घोकत आलो होतो, ती ठोकून दिली. "त्याचं असं आहे सुभाषराव, ढालीवर नाव कोरायचं राहून गेलंय. कोरून परत आणून देतो."

"कुणाचं नाव कोरणार?"

"म्हणजे? दीक्षाचं."

"हिच्यावर कोरलेलं हाय की सर." त्यांनी ढालीकडं बघितलंसुद्धा नाही. "शिक्षक गट, रस्सीखेच, उपविजेते."

मी दीक्षाकडं पाहिलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. बापाला सगळं ठाऊक आहे हे तिलाही आत्ताच कळत होतं.

"मला वाचता येतंय, सर," सुभाषराव शांतपणे म्हणाले. "राष्ट्रगीत चालू झालं, हलता येईना. पोरगी ढाल घेऊन म्होरं उभी. डोळ्यापुढं दुसरं काय नव्हतंच, सगळं वाचून काढलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत काही?"

"काय बोलू? आल्या आल्या सगळी गल्ली बघाय गोळा झाली. शेजारच्या म्हातारीनं पेढे वाटले. कंपनीत सुपरवायझर म्हणला, पोरगी नाव काढती तुझी. मी काय म्हणलालो सर, तुम्हीच सांगा, तिथं मी काय म्हणाय पाहिजे होतं?"

मी आपलं म्हणालो, "पोरगी चांगली आहे हो."

"कशात?"

साधा प्रश्न. पाचवीपासून ती पोर माझ्या मैदानावर होती. मी आठवून आठवून पाहिलं. लांब उडीत नाही, कबड्डीत नाही, लेझीमच्या पथकात नाही. शेवटी माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? "रांगेत अगदी सरळ उभी राहते."

सुभाषरावांनी माझ्याकडं एकटक बघितलं आणि म्हणाले, "रांगेतच तर घुसली की सर!"

आणि आम्ही दोघंही हसलो. ते हसले ते कसं हसले, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. रागानं नव्हतं. पण गंमत वाटून हसल्यासारखंही नव्हतं. दीक्षाची आई पदर तोंडाला लावून उभी होती. दीक्षा मात्र आता रडायला लागली होती, आवाज न करता. सुभाषराव उठले, ढाल काढली, फूल बाजूला ठेवलं, धुतलेल्या पंच्यात ती गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

मी दारात चपला घालताना धीर करून विचारलं, "मग गावाकडचं काय ठरवलंत?"

"बघू," ते म्हणाले.

बघू! आपल्याकडं मुलगी बघायला आलेले लोक बघू म्हणतात, उसने मागायला गेलं की बघू म्हणतात, आणि सणाला येतोस का विचारलं तरी बघूच म्हणतात. त्यातून काय समजायचं माणसानं? मी ढाल कपाटात लावली, मोठ्या बाईंना "मिळाली" एवढंच सांगितलं, आणि घरी येऊन बायकोवर उगाचच खेकसलो.

त्यानंतर दीक्षा रोज शाळेत येत होती, पण माझ्यासमोर आली की खाली बघायची. मी विचारणार होतो, राहिलं. कारण विचारल्यावर ती "जातेय" म्हणाली असती तर मी काय करणार होतो? मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मलाही नाही सांगत सर. विचारलं की 'माहीत नाही' म्हणते." घरात बहुधा कुणालाच माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत दहावीचा निरोप झाला. तो नववीची पोरं करतात, अशी रीत. फुगे त्यांनी लावायचे, भेळ त्यांनी करायची, दहावीच्या पोरांच्या हाती गुलाबाचं फूल त्यांनी द्यायचं. दहावीनं शाळेला जाताना भेट द्यायची, आणि ती भेट दरवर्षी भिंतीवरचं घड्याळच असतं. आमच्या एकेका वर्गात तीन-तीन घड्याळं आहेत आणि प्रत्येकाचं मत वेगळं. त्या दिवशी दहावीच्या मुली भाषणं करता करता रडल्या, हे नेहमीचंच. पण सगळ्यांत जास्त रडत होती ती भेळ वाढणारी दीक्षा. एक दहावीची मुलगी तिला म्हणाली, "अगं, निरोप आमचा आहे, तू का रडतेस?" माझ्या हातातला भेळेचा कागद तसाच राहिला. म्हटलं, ठरलं वाटतं. हिनं आपलाही निरोप यातच उरकून घेतला.

मार्च गेला. एप्रिलात वार्षिक परीक्षा. मी मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होतो, पण डोकं भलतीकडं. एवढी पोरं माझ्या हाताखालून गेली, शाळा सोडून गेलेलीही काही कमी नाहीत. बाप दुसऱ्या कंपनीत लागला की बिऱ्हाड हलतं, तळेगावला जातं, रांजणगावला जातं, आणि हजेरीत पोराच्या नावापुढं रेघ येते. त्याचं आम्ही काही वाटून घेत नाही, घेतलं तर काम कसं करणार? मग याच पोरीचं काय एवढं? तिनं माझी लाइन थांबवली म्हणून?

निकालाचा दिवस आला. झेंडावंदन झालं, मुलं वर्गात गेली, निकाल वाटप सुरू झालं. मी माइकची वायर गुंडाळत होतो, तर ऑफिसातले आमचे क्लार्क बाहेर आले आणि म्हणाले, "सर, तुमचे ते ढालवाले पालक आलेत. कामाचं बोलायचंय म्हणतात. दाखला न्यायला आले असणार, मी फॉर्म काढून ठेवतो."

शाळा सोडल्याचा दाखला. म्हणजे संपलंच. मला खरंच वाईट वाटलं. मी वायर तिथंच टाकली आणि गेलो. सुभाषराव व्हरांड्यात उभे होते, तोच निळा शर्ट, हातात दीक्षाचं निकालपत्र. पास होती. गुण बेताचेच.

मी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हणालो, "सुभाषराव, माझं ऐका. एक वर्षाचा प्रश्न आहे. दहावी इथं होऊ द्या, मी हात जोडतो. हुशार नसेल, नसू दे. पण एवढ्या माणसांसमोर वर चढायला छाती लागते हो, ती कुठल्या परीक्षेत मोजत नाहीत. आजीसाठी दुसरी काहीतरी सोय करू, मी आबांशी बोलतो, ओळखीपाळखीतून कुणी..."

ते गोंधळून म्हणाले, "सर, मी तर जादा तासांचं इचाराय आलो."

"कसले जादा तास?"

"दहावीचे. मे महिन्यात लावता म्हणं तुम्ही. किती वाजता असत्यात ते सांगा, मला सुपरवायझरला शिफ्ट सांगायची."

मी त्यांना वेळ सांगितली. सकाळी साडेसात, उन्हाच्या आत.

"मंग सेकंड मागतो," ते स्वतःशीच हिशेब करत म्हणाले. "फर्स्टला मला सहालाच बस गाठावी लागती. सेकंड असली म्हंजी सकाळी उठून तिला डबा करून देता येईल."

"तुम्ही? आणि तिची आई?"

"ती गेली की गावाकडं, माझ्या मायजवळ. परवाच बसवून दिली तिला. वर्षभर तिकडंच ऱ्हाईल." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "दीक्षा म्हणती मी करते सैपाक. म्हणलं, तू चुलीपाशी आलीस तर बघ. दहावी हाय तुझी."

इतके महिने मी मनात त्या माणसाशी भांडत होतो.

सुभाषराव निघाले आणि पायरीवरून परत फिरले. जरा लाजत म्हणाले, "सर, एक इचारू का? तुमी शिकलेली माणसं. भाकरी थापतो मी, पर कडंला फाटती. रोज फाटती. ती खाती तशीच, काय बोलत न्हाई. पर शाळेत डबा उघडल्यावर पोरी हसत्याल तिला. काय चुकत आसंल?"

मी उभ्या जन्मात भाकरी थापलेली नाही. तसं त्यांना सांगितलं आणि त्यांचा फोन नंबर घेतला. घरी गेल्या गेल्या बायकोला विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फोन करून कळवलं, की पीठ जुनं असेल तर कढत पाण्यानं मळा, आणि मळताना घाई करू नका.